‘तटस्थ’ हे उत्तर ठरवणाऱ्यांना खुलं पत्र

आकलनाचे उतारे निवडणाऱ्या, त्यांखालचे प्रश्न काढणाऱ्या आणि उत्तरसूचीवर शेवटची सही करणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

मी मुलांना उतारे वाचायला शिकवते. बरीच वर्षं हेच काम करते आहे आणि ते मला मनापासून आवडतं. आज तुम्हाला लिहिते आहे ते उताऱ्याखाली हमखास येणाऱ्या एका प्रश्नाबद्दल: ‘लेखकाचा दृष्टिकोन कसा आहे?’ किंवा ‘उताऱ्याचा सूर ओळखा.’ त्याखाली चार पर्याय असतात आणि चारांत बहुतेक वेळा ‘तटस्थ’ हा एक असतोच.

माझ्या एका विद्यार्थिनीची सराव परीक्षेची प्रश्नपत्रिका माझ्यासमोर आहे. उताऱ्यातल्या तीन शब्दांखाली तिने पेन्सिलीने बारीक रेघा ओढल्यात: ‘अवघ्या’, ‘दावा’, ‘मात्र’. समासात तिच्या तिरक्या अक्षरात लिहिलंय, ‘हे कोण बोलतंय?’ तिने ‘टीकात्मक’ हा पर्याय निवडला होता. उत्तरसूचीत ‘तटस्थ’ होतं. चुकीच्या उत्तराचे गुण वजा होत असल्याने नुकसान दुहेरी झालं. तिने रीतसर हरकत नोंदवली. उत्तर आलं ते असं: लेखकाने दोन्ही बाजू मांडल्या असल्याने उत्तर कायम.

हे एक वाक्य मला इतके दिवस सोडत नाहीये. दोन्ही बाजू आल्या, म्हणून लेखक तटस्थ. तुमच्यातल्या अनेकांचा हाच समज आहे, असं उत्तरसूच्या वाचून वाटतं, आणि त्याच समजुतीवर मुलांची वाचनाची सवय घडते आहे.

मूळ उतारा इथे देत नाही. त्याच घडणीचे दोन छोटे उतारे मी स्वतः लिहिले आहेत. विषय मुद्दाम असा घेतला आहे की त्यावरून कोणाचं डोकं तापायचं कारण नाही: प्लूटो.

पहिला असा: ‘ऑगस्ट २००६ मध्ये प्राग इथे झालेल्या अधिवेशनात आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने ग्रहाची व्याख्या मतदानाने ठरवली. आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलेला असणं ही तिच्यातली तिसरी अट प्लूटो पूर्ण करत नाही. त्यामुळे त्याची गणना बटुग्रहांत होऊ लागली. मतदानात ४२४ सदस्यांनी भाग घेतला. काही शास्त्रज्ञांच्या मते ही अट संदिग्ध आहे. इतरांच्या मते ती नसती तर ग्रहांची संख्या वाढतच गेली असती.’

आणि दुसरा: ‘१९३० मध्ये शोध लागल्यापासून ग्रह म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्लूटोचं हे पद ऑगस्ट २००६ मध्ये काढून घेण्यात आलं. जगभरातल्या हजारो खगोलशास्त्रज्ञांपैकी अवघ्या ४२४ जणांनी प्राग इथे हे मतदान केलं. नव्या व्याख्येतली तिसरी अट संदिग्ध असल्याचं काही शास्त्रज्ञांनी निदर्शनास आणून दिलं आहे. या अटीशिवाय ग्रहांची संख्या वाढतच गेली असती, असा तिच्या समर्थकांचा दावा मात्र कायम आहे.’

दुसऱ्या उताऱ्यात खोटं काहीही नाही. साल बरोबर आहे, आकडा बरोबर आहे, दोन्ही बाजूही आल्या आहेत. तरी लेखक कुठे उभा आहे हे लपत नाही. ‘अवघ्या’ या एका शब्दाने ४२४ हा आकडा लहान झाला. पहिल्या उताऱ्यात तो नुसता आकडा होता. ‘काढून घेण्यात आलं’ म्हटलं की कोणाचं तरी हक्काचं काही गेलं असं वाटतं. आणि सगळ्यात मोठं काम दोन शब्दप्रयोगांनी केलंय. एका बाजूने ‘निदर्शनास आणून दिलं’, दुसऱ्या बाजूचा ‘दावा’ आहे. जे मुळात आहेच, ते निदर्शनास आणून देतात. दावा खरा निघेल किंवा निघणार नाही. म्हणजे पहिल्या बाजूचं म्हणणं लेखकाने स्वतःच्या खात्यावर खरं धरलं आणि दुसऱ्या बाजूचं लांब ठेवलं. वर ‘मात्र’ लावून दुसरी बाजू पहिलीच्या विरोधात उभी केली आणि ‘कायम आहे’ म्हणून तिला जरा हट्टीही ठरवलं.

माझ्या विद्यार्थिनीने नेमक्या याच जागी रेघा ओढल्या होत्या. ‘हे कोण बोलतंय?’ हा तिचा प्रश्न म्हणजे तटस्थता ओळखण्याची सगळी विद्या आहे, असं मी मानते. वाक्यातला हा शब्द कोणाचा? घटनेचा, उद्धृत केलेल्या माणसाचा, की लेखकाचा? ‘अवघ्या’ हा मतमोजणी करणाऱ्याचा शब्द नाही. तो लेखकाचा आहे. ‘संदिग्ध’ हा शास्त्रज्ञांचा शब्द आहे, पण ‘निदर्शनास आणून दिलं’ म्हणताच लेखकाने त्यावर स्वतःची मोहोर उमटवली.

मराठीत असे शब्द पुष्कळ आहेत आणि ते फार छोटे असतात, म्हणून निसटतात. ‘तब्बल’, ‘केवळ’, ‘चक्क’, ‘तथाकथित’, ‘अखेर’, ‘एकदाचं’. ‘समितीने अहवाल दिला’ यात काही नाही. ‘समितीने अखेर अहवाल दिला’ म्हटलं की उशीर झाल्याची तक्रार आली. ‘समितीनेच अहवाल दिला’ यातला एक ‘च’ बघा. कोणावर तरी काहीतरी उलटलं आहे. आणि आपलं ‘म्हणे’! ‘तो आजारी होता’ आणि ‘तो म्हणे आजारी होता’ यांत माहिती एकच आहे, पण दुसऱ्या वाक्यात सांगणाऱ्याने अंग काढून घेतलंय आणि जाता जाता शंकाही पेरली आहे. इतक्या छोट्या शब्दावर इतकं वजन पेलणारी आपली भाषा आहे. ते वजन मुलांना जाणवावं, यासाठीच तर आकलनाचा प्रश्न असतो ना?

क्रियापद बदललं की वाचणाऱ्याच्या मनातलं चित्र बदलतं, हे प्रयोगातही दिसलेलं आहे. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ४५ विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघातांच्या चित्रफिती दाखवल्या आणि मोटारींचा वेग किती असेल ते विचारलं. फिती त्याच, प्रश्नातलं क्रियापद तेवढं वेगळं. मोटारी एकमेकींवर जोरात आदळल्या तेव्हा वेग किती होता, असं विचारलेल्यांचा सरासरी अंदाज ताशी ४०.५ मैल आला. एकमेकींना लागल्या तेव्हा, असं सौम्य क्रियापद वापरून विचारलेल्यांचा ३१.८. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीबाबत एका शब्दाने एवढा फरक पडत असेल, तर जे फक्त शब्दांतूनच कळायचं आहे त्याचं काय होत असेल?

आता ‘दोन्ही बाजू’ या कसोटीकडे पुन्हा येते, कारण हरकतीच्या उत्तरात तीच होती. दोन्ही बाजू मांडून शेवटी एकीकडे कौल देणारा लेखक तटस्थ नसतो. त्याला विचारी म्हणा, समतोल म्हणा. पण त्याने कौल दिलेला आहे. आणि कौल देण्यासाठी वेगळं वाक्य लागतंच असं नाही, क्रमही पुरतो. ‘औषध गुणकारी आहे, पण त्याचे दुष्परिणाम आहेत’ आणि ‘औषधाचे दुष्परिणाम आहेत, पण ते गुणकारी आहे’. पहिलं ऐकून आपण औषध घ्यायला कचरू, दुसरं ऐकून घेऊ. ‘पण’च्या पुढे जे येतं त्याच्या बाजूला लेखक झुकलेला असतो. मुलांना मी ‘पण’, ‘तरी’ आणि ‘मात्र’ यांभोवती गोल करायला सांगते ते यासाठीच.

याच्या उलट, बाजू एकच आली म्हणून उतारा पक्षपाती होतो असंही नाही. भरती-ओहोटी कशी येते हे सांगणाऱ्या उताऱ्यात दुसरी बाजू कुठून आणायची? पृथ्वी गोल आहे हे सांगताना ती सपाट मानणाऱ्यांना निम्मी जागा दिली तर तो लेखक तटस्थ ठरत नाही. ज्या म्हणण्याला पुरावा नाही त्याला त्याने पुराव्याइतकं वजन देऊन टाकलेलं असतं. आणि उताऱ्यात माणसं संतापलेली असतील, एकमेकांवर तुटून पडत असतील, तरी लेखक पूर्ण तटस्थ असू शकतो. संताप त्यांचा आहे, नोंद त्याची आहे. इथे मुलं फार फसतात. उतारा गरम वाटला की ‘तटस्थ’वर फुली मारतात. याबद्दल मी त्यांना दोष देत नाही. प्रश्नच ‘उताऱ्याचा सूर’ असा असतो, आणि सूर कोणाचा हे प्रश्नात कुठेच लिहिलेलं नसतं.

पर्यायांच्या शब्दांबद्दलही मला बोलायचं आहे. ‘तटस्थ’ आणि ‘उदासीन’ हे दोन पर्याय एकाच प्रश्नाखाली मी अनेकदा पाहिले आहेत. आज बोलताना ‘उदासीन’ म्हणजे ज्याला काही पडलेलं नाही असा. पण शब्द मुळात ‘उद्’ आणि ‘आसीन’ यांतून आलाय, बाजूला जाऊन बसलेला. जुन्या राजनीतीच्या परिभाषेत दुसऱ्यांच्या भांडणात न पडणाऱ्या राजालाही उदासीन म्हणत. तेवढं मागे जायचीही गरज नाही. विज्ञानाच्या पुस्तकात आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेला ‘उदासिनीकरण’ म्हणतात. जे द्रावण धड आम्लधर्मी नाही आणि आम्लारिधर्मीही नाही, ते उदासीन. सकाळी विज्ञानाच्या तासाला हा शब्द एका अर्थाने शिकलेलं मूल दुपारी आकलनाच्या पेपरात तोच शब्द दुसऱ्या अर्थाने ओळखेल, अशी अपेक्षा तुम्ही करता. ‘तटस्थ’ म्हणजे तटावर उभा राहिलेला. दोघेही प्रवाहाबाहेरच. फरक एवढाच, आणि तो मोलाचा आहे, की तटावरचा माणूस प्रवाहाकडे नीट बघत असतो. तटस्थ लेखकाला विषयाची आस्था असते, म्हणून तर तो इतकं जपून लिहितो. हा फरक विचारायचा असेल तर उताऱ्यात तो दिसेल असा उतारा निवडा. नाहीतर दोन्ही शब्द एकत्र ठेवू नका.

‘वस्तुनिष्ठ’चंही तसंच. वस्तुस्थितीला धरून लिहिणारा लेखक कडाडून टीकाही करू शकतो. लेखापरीक्षणाचा अहवाल वस्तुनिष्ठ असतो आणि तरी ज्याच्यावर लिहिलाय त्याची झोप उडवतो. तेव्हा ‘वस्तुनिष्ठ’ आणि ‘टीकात्मक’ यांतलं एक निवडा, हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे.

अनुवादित उताऱ्यांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तिथे होणारं नुकसान कोणाच्या लक्षातच येत नाही. इंग्रजी लिखाणात ‘आर्ग्यूड’ हे क्रियापद बहुतेक वेळा थंड असतं: अमक्याने कारणं देऊन असं मांडलं. मराठीत ते ‘वाद घातला’ होऊन आलं की तो माणूस भांडखोर वाटू लागतो. ‘अ‍ॅडमिटेड’ला ‘मान्य केलं’ म्हणायचं की ‘कबुली दिली’? पहिल्यात मोकळेपणा आहे, दुसऱ्यात अपराध. मूळ उताऱ्याची उत्तरसूची ‘तटस्थ’ असेल आणि अनुवादात हे झालं असेल, तर मराठीतून वाचणाऱ्या मुलासमोर एक उतारा असतो आणि उत्तर दुसऱ्याच उताऱ्याचं असतं. अशा वेळी ते मूल जितकं नीट वाचेल तितकं हमखास चुकेल.

मुलांची बाजू घेते आहे, म्हणून त्यांचं सगळं बरोबर असतं असं मात्र म्हणत नाही. वाचणाऱ्याचं स्वतःचं मत आड येतंच. रॉबर्ट व्हॅलोन, ली रॉस आणि मार्क लेपर यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास मी दर वर्षी मुलांना सांगते. लेबनॉनची राजधानी बैरुत इथे १९८२ मध्ये झालेल्या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या हत्याकांडाच्या दूरचित्रवाणीवरच्या बातम्या त्यांनी इस्रायलची बाजू घेणाऱ्या आणि अरबांची बाजू घेणाऱ्या, अशा दोन्ही गटांतल्या विद्यार्थ्यांना दाखवल्या. बातम्या दोघांनाही त्याच. दोन्ही गटांना त्या आपल्या विरोधात झुकलेल्या वाटल्या. ज्याला विषयाची झळ लागलेली असते, त्याला मधोमध उभा असलेला माणूसही समोरच्या पक्षातला वाटतो. म्हणून मी मुलांना सांगते, ज्या विषयावर तुमचं ठाम मत आहे त्या उताऱ्याचा सूर ठरवताना एक शब्द तरी बोट ठेवून दाखवा. दाखवता आला नाही तर ते मत तुमचं आहे, लेखकाचं नाही.

हाच नियम तुम्हालाही लागू होतो, एवढंच माझं म्हणणं आहे. तुम्हीही वाचकच आहात. उतारा तुमच्या मताशी जुळला की तो तुम्हाला सरळ वाटणार, कुठेच टोचणार नाही, आणि जे टोचत नाही त्याला ‘तटस्थ’ म्हणण्याचा मोह होणार. माझ्या विद्यार्थिनीच्या पेपरात असंच घडलं असावं असा मला दाट संशय आहे.

हे कौशल्य किती अवघड आहे, याचा अंदाज २०१८ च्या ‘पिसा’ चाचणीवरून येतो. १५ वर्षांच्या मुलांची ही आंतरराष्ट्रीय चाचणी. ती घेणाऱ्या आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या सदस्य देशांत, मजकुरातल्या आणि स्रोतातल्या अप्रत्यक्ष खुणांवरून वस्तुस्थिती आणि मत वेगळं काढणं १० पैकी एकापेक्षाही कमी मुलांना जमलं. त्या चाचणीतला एक प्रश्न मला फार आवडतो. एका पुस्तकाच्या परीक्षणातली वाक्यं एकेक करून दिली होती आणि प्रत्येकापुढे विचारलं होतं: ही वस्तुस्थिती आहे की मत? अख्ख्या मजकुरावर एकच शिक्का मारायला सांगितलं नव्हतं. तटस्थता वाक्यावाक्यात राखावी लागते आणि वाक्यावाक्यातच सुटते. एखाद्या लेखकाची ती पाच परिच्छेद टिकते आणि सहाव्याच्या शेवटच्या ओळीत जाते. तिथे चार पर्यायांतला कुठला शब्द लावायचा?

तेव्हा माझी विनंती आहे ती अशी. उत्तरसूचीत पर्यायाच्या क्रमांकापुढे उताऱ्यातले ते शब्दही छापा, ज्यांवरून तो सूर ठरवला. ‘तटस्थ’ हे उत्तर असेल तर उरलेले तीन पर्याय कोणत्या शब्दांच्या अभावी बाद होतात, ते लिहा. दोन ओळी पुरतील. लिहायला बसल्यावर त्या सुचल्या नाहीत, तर तो प्रश्न पेपरात जाऊ देऊ नका. प्रश्न ज्याने काढला नाही अशा दोघांना उत्तरसूची न दाखवता तो सोडवायला द्या. त्यांची उत्तरं जुळली नाहीत तर दोष त्यांचा धरू नका. ‘उताऱ्याचा सूर’ असं मोघम विचारण्याऐवजी ‘अमक्या प्रश्नाबाबत लेखकाची भूमिका’ असं विचारा. आणि चौथा पर्याय सुचत नाही म्हणून ‘तटस्थ’ घालू नका. मुलांना हे कळतं. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मुलांनी कुठून तरी शिकलेलं असतं की काहीच ठरवता आलं नाही तर तटस्थ लिहायचं. वाचनाची सगळ्यात अवघड, सगळ्यात संयमाची जागा, आणि तिचा उपयोग न कळलेलं झाकायला होतो, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

हरकतींबाबत एकच सांगते. मुलाने शब्दावर बोट ठेवलं असेल तर उत्तरातही शब्दावर बोट ठेवा. ‘दोन्ही बाजू मांडल्या’ हे त्या मुलीच्या तीन रेघांचं उत्तर नव्हतं. ‘अवघ्या’ला तुम्ही तटस्थ का मानता, हे सांगितलं असतं तर ती ऐकायला तयार होती. मीही होते. कदाचित आम्हीच चुकलो असू, आणि तसं असेल तर ते समजून घ्यायची आमची इच्छा आहे.

ती पुढच्या महिन्यात पुन्हा परीक्षेला बसते आहे. परवा वर्गानंतर थांबून तिने विचारलं, ‘बाई, तसाच उतारा परत आला तर जे दिसतंय ते लिहू, की उत्तरसूचीत जे असेल ते?’ मी तिला दोन दिवसांनी सांगते म्हणाले, आणि घरी येऊन हे पत्र लिहायला घेतलं.

आपली,
उतारे शिकवणारी एक शिक्षिका